मिनिव्हॅन घेताय? आधी किंमत, मग जुनी गाडी, मग कर्ज आणि वॉरंटी सगळ्यात शेवटी

पहिली मोठी गाडी घ्यायला गेलो तेव्हा तासाभराच्या गप्पांनंतर विक्रेत्याने एक कोरा कागद पुढे ओढला. पेनाने एक उभी रेघ, एक आडवी रेघ. झाले चार चौकोन. एकात नव्या गाडीची किंमत, दुसऱ्यात माझ्या जुन्या गाडीचे पैसे, तिसऱ्यात आधी भरायची रक्कम आणि चौथ्यात महिन्याचा हप्ता. मी किंमतीवर अडून बसलो की तो किंमतीवर काट मारून नवा आकडा लिहायचा. मला बरं वाटायचं. पाच मिनिटांनी बघावं तर शेजारच्या चौकोनात जुन्या गाडीचे पैसे उतरलेले. ते वर चढवायला लावले, तर हप्त्याचा आकडा तसाच राहून त्याच्या खाली बारीक अक्षरात पाच वर्षांची सात वर्षं झाली. मी मात्र जिंकल्याच्या थाटात सही करून घरी आलो. बेरीज केली ती रात्री, जेवणं झाल्यावर.

मोटारविक्रीच्या धंद्यात या कागदाला ‘फोर-स्क्वेअर’ असं नावच आहे, हे पुढे कधीतरी कळलं. त्यातली मेख एवढीच, की चार व्यवहार एका कागदावर आणले की एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेता येतं आणि समोरच्याला पत्ता लागत नाही. नवख्या माणसाला वाटतं, घासाघीस म्हणजे आवाज चढवणं, चेहरा कडक ठेवणं. तसं काही नाही. अगदी मऊ बोलणारा माणूससुद्धा चांगला भाव घेऊन येतो, फक्त कुठला विषय कधी काढायचा हे त्याने ठरवलेलं असलं पाहिजे.

आधी गाडी ठरवा, पैशांचं नंतर

कोणी मिनिव्हॅन म्हणतं, कोणी एमपीव्ही, कोणी नुसतंच ‘सात सीटर’. आपल्याला हवी ती सरकत्या दाराची, तीन रांगांची, घरातल्या सगळ्यांना एका फेरीत नेणारी गाडी. आजच्या अर्थाने या प्रकाराला लोकप्रिय केलं ते क्रायस्लरच्या गाड्यांनी. १९८३ च्या अखेरीस त्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. १९८४ मध्ये युरोपात रेनोची एस्पास आली. क्रायस्लरच्या पहिल्या गाड्यांना सरकतं दार एकाच बाजूला होतं. ड्रायव्हरच्या बाजूला तसं दार त्यांनी दिलं ते १९९६ च्या मॉडेलपासून. आता तर दोन्ही दारं बटणावर उघडतात. हे आठवणीत ठेवा, वॉरंटीच्या वेळी दाराचा हा विषय पुन्हा निघणार आहे.

चाचणीसाठी सगळं घर घेऊन जा, पण त्या दिवशी कागदपत्रं आणि चेकबुक घरी ठेवा. तिसऱ्या रांगेत घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बसवा आणि दहा मिनिटं गाडी चालवा. दोन मिनिटांत गुडघे तक्रार करत नाहीत. तिसरी रांग उभी असताना मागे किती बॅगा बसतात ते बघा, कारण माहितीपत्रकात डिकीचा जो मोठा आकडा असतो तो बहुधा रांग पाडल्यानंतरचा असतो. लहान मूल असेल तर त्याची सीट सोबत नेऊन बसवून बघा. आजी-आजोबा मधल्या रांगेत चढतात कसे, तेही.

एकच मॉडेल मनात घेऊन शोरूममध्ये जाऊ नका. ‘हीच पाहिजे’ हे आपल्या तोंडून गेलं की समोरच्याचं निम्मं काम झालं. मुलांनाही गाडीतच बजावून ठेवा. आमच्याकडे धाकटीने ‘बाबा, हीच घेऊ या ना’ म्हणून विक्रेत्याच्या देखत उड्या मारल्या होत्या. ती उडी नेमकी कितीला पडली याचा हिशेब मी अजून लावलेला नाही.

कोटेशन लेखी, आणि ओळीओळीने

व्हेरिअंट आणि रंग पक्के झाले की किमान तीन विक्रेत्यांकडे लेखी मागणी पाठवा. फोनवर सांगितलेला आकडा म्हणजे बोलाचीच कढी. मजकूर असा काहीसा:

‘नमस्कार. अमुक मॉडेल, अमुक व्हेरिअंट, पांढरा रंग, या महिन्याअखेर घ्यायचं नक्की आहे. सगळे कर आणि सगळी शुल्कं धरून गाडी दारात येईपर्यंत एकूण किती भरायचं, ते प्रत्येक बाब वेगळी दाखवून लिहून पाठवावं. गाडी स्टॉकमध्ये असल्यास उत्पादनाचा महिना आणि वर्ष कळवावं. आणखी दोन ठिकाणी विचारलं आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यात धमकी नाही, पण पाठवणाऱ्याला पेन्सिल धारदार करायला लावतं. आणि या निरोपात जुनी गाडी, कर्ज, हप्ता यांचा उल्लेख नाही, तोही मुद्दाम.

उत्तरं आली की तिन्ही कागद शेजारी ठेवून ओळी जुळवा. काही ओळी सरकारच्या आहेत: कर, नोंदणी. त्यात विक्रेता काही करू शकत नाही. विमा मात्र बाहेरूनही घेता येतो का ते विचारा, आणि तेवढ्याच संरक्षणाचा बाहेरचा भाव काढून ठेवा, कारण विम्यावर विक्रेत्याला कमिशन मिळतं आणि तिथे पाणी मुरतं. उरल्या त्याच्या स्वतःच्या ओळी. हँडलिंग, कागदपत्रांचा खर्च, ‘प्रोटेक्शन पॅकेज’, सीटवर मारायचा स्प्रे, रंगावरचं कोटिंग, ‘बेसिक किट’ या नावाने चिकटवलेले पायपोस. यातलं जे आपण मागितलेलं नाही त्यावर रेघ मारून कागद परत पाठवायचा. ‘हे सगळ्याच गाड्यांना बसवूनच येतं’ असं उत्तर आलं, तर बसवलेलं राहू दे, पैसे तेवढे वगळा म्हणायचं. पुष्कळदा वगळतात.

सूट येते कुठून हे समजून घेतलं की मागताना संकोच वाटत नाही. एक म्हणजे विक्रेत्याचा नफा. दुसरं, कंपनीच्या योजना. त्या कधी जाहीर असतात, कधी फक्त विक्रेत्यांपर्यंत पोचवलेल्या असतात, म्हणून ‘कंपनीकडून सध्या काय चालू आहे?’ हा प्रश्न थेट विचारावा. तिसरं, कर्ज आणि विम्यावरचं कमिशन. चौथं म्हणजे आवारात उभ्या गाडीवर रोज चढणारं व्याज. विक्रेते गाड्या बहुधा उधारीवर उभ्या करतात, त्यामुळे चार महिने धूळ खाणारी गाडी त्यांना टोचत असते. अशी गाडी घ्यायला हरकत नाही, पण ती जुनी आहे हे आपल्याला कळतंय एवढं त्यांना कळू द्या. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘३२२५’ म्हणजे २०२५ सालातला बत्तिसावा आठवडा. त्या टायरची गाडी त्याच्या आधी तयार झालेली असणं कठीण, आणि नंतर किती काळ उभी आहे याचा अंदाज तिथून सुरू करता येतो. उत्पादनाचा खरा महिना मात्र गाडीवरच्या पट्टीवर किंवा कागदांवरच बघावा.

महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि नवं मॉडेल येण्याच्या तोंडावर भाव सैल होतात, कारण विक्रेत्यांना कंपनीने संख्येची उद्दिष्टं दिलेली असतात. याउलट ज्या गाडीसाठी रांग लागली आहे तिच्या किंमतीवर डोकं आपटू नका. तिथे अॅक्सेसरीज, पहिल्या सर्व्हिसेस, वाढीव वॉरंटीचा दर यांवर बोला.

प्रत्यक्ष बैठक

तीन कोटेशनांपैकी सगळ्यात कमी असलेलं हातात घेऊन त्यातल्या त्यात सोयीच्या विक्रेत्याकडे जायचं. सर्व्हिससाठी पुढे आपण त्याच्याच दारात जाणार असतो. बसल्या बसल्या पहिला प्रश्न येईल:

‘सर, महिन्याला साधारण किती जमेल?’

‘हप्त्याचं नंतर बघू. एकूण रक्कम किती ते सांगा.’

‘तसं नाही सर, बजेट कळलं तर मला चांगली ऑफर काढता येईल.’

‘एकूण रक्कम सांगा, मग मी बजेट बघतो.’

बस, एवढंच. तीनदा विचारतील, तीनदा हेच उत्तर. राग नाही, स्पष्टीकरण नाही. हप्त्याचा आकडा आपल्या तोंडून निघाला की पुढचं सगळं गणित त्या आकड्यात बसवलं जातं, आणि बसवायला वर्षं वाढवणं हा सगळ्यात सोपा मार्ग असतो.

आपण आपला आकडा सांगितला की गप्प बसावं. ही गोष्ट लिहायला सोपी आणि करायला महाकठीण. समोरचा कॅल्क्युलेटरवर काहीतरी करत असतो, शांतता अंगावर येते, आणि आपणच बोलून जातो, ‘बरं, थोडं मागेपुढे झालं तरी चालेल.’ गेले पैसे. शांतता त्याला मोडू द्या.

मग ‘मॅनेजरना विचारून येतो’ होतं. जाऊ द्या. तो परत येईपर्यंत आपण कोटेशनवरच्या ओळी पुन्हा वाचाव्यात. परतल्यावर त्याच्याकडे मधला आकडा असतो. तो लगेच घेऊ नका, लगेच नाकारूही नका. ‘लिहून द्या, घरी बोलून सांगतो’ म्हणा. ‘ही ऑफर फक्त आजच’ असं म्हटलं तर बिनदिक्कत उठा. जी गाडी आज त्या भावात विकायला परवडते, ती परवाही परवडते. कंपनीच्या योजनेची खरीच शेवटची तारीख असेल तर ती लेखी दाखवता येते. सोबत एक जण असा न्यावा ज्याचं काम फक्त ‘अजून विचार करू’ म्हणणं हे आहे. आमच्या घरात हे खातं बायकोकडे आहे आणि ती ते माझ्यापेक्षा फार चांगलं सांभाळते.

बुकिंगची रक्कम देण्याआधी दोन गोष्टी पावतीवर हव्यात: ठरलेली एकूण किंमत, आणि गाडी ठरल्या तारखेला आली नाही किंवा किंमत बदलली तर पैसे परत मिळणार की नाही. पावती देणाऱ्याला एक ओळ जास्त लिहायला दोन सेकंद लागतात. तो टाळाटाळ करत असेल तर आपणही बुकिंग टाळावं.

जुनी गाडी

नव्या गाडीची किंमत कागदावर आली की मगच हा विषय. त्याआधी जुन्या गाड्या घेणाऱ्या दोघा-तिघांना गाडी दाखवून आकडे काढून ठेवलेले असावेत. विक्रेता थोडं कमी देत असेल आणि कटकट वाचत असेल तर द्यायला हरकत नाही. ‘एक्स्चेंज बोनस’ आणि गाडीची खरी किंमत हे दोन आकडे मात्र वेगळे लिहून घ्या. बोनस दाखवायचा आणि गाडीचं मोल तेवढंच पाडायचं, हा प्रकार इतका सर्रास चालतो की त्यात कोणाला काही वाटेनासं झालं आहे.

कर्ज

व्याजाचा दर ‘फ्लॅट’ की घटत्या शिलकीवर, हा एकच प्रश्न विचारला तरी निम्मं काम होतं. ७ टक्के फ्लॅट म्हणजे स्वस्त वाटतं. शंभर रुपयांवर पाच वर्षांत पस्तीस रुपये व्याज. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो आणि व्याज मात्र पूर्ण शंभरावर लागत राहतं, त्यामुळे घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर साधारण साडेबारा टक्के पडतो. शेजारचा ९ टक्के घटत्या शिलकीवर देत असेल तर तोच स्वस्त.

वर्षं वाढवण्याचं गणितही करून बघा. ९ टक्के घटत्या दराने शंभर रुपये पाच वर्षांत फेडले तर एकूण साडेचोवीस रुपयांच्या आसपास व्याज जातं. सात वर्षांत फेडले तर पस्तीस. हप्ता हलका होतो तो असा. कधीकधी विक्रेता म्हणतो, आमच्याकडून कर्ज घेतलं तरच ही सूट. तेव्हा मुदतीआधी कर्ज फेडल्यास किती दंड, ते लेखी विचारा, आणि सूट वजा जादा व्याज असा हिशेब मांडून ठरवा.

वॉरंटी: इथे घाई करू नका

किंमत, जुनी गाडी, कर्ज असं सगळं उरकून आपण दमलेले असतो, आणि नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या टेबलावर नेऊन कोणीतरी वाढीव वॉरंटीचं रंगीत पत्रक समोर ठेवतं. ‘दिवसाला अमुक रुपयांत निश्चिंत राहा.’ त्या दिवशी सही करू नका. कराराची पूर्ण प्रत मागून घरी न्या. पत्रकात काय आहे याला फारसा अर्थ नाही. दावा आला की करारच उघडला जातो.

आधी कंपनीची मूळ वॉरंटी वाचा. ती एकच नसते, तिचे तुकडे असतात. एक सर्वसाधारण वॉरंटी, एक इंजिन-गिअरबॉक्सची, एक गंजाची (ती बहुतेक वेळा पत्रा आरपार गंजला तरच लागू होते), आणि हायब्रिड किंवा विजेची गाडी असेल तर बॅटरीची वेगळी, जी पुष्कळ कंपन्यांत ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी असते. टायर आणि साधी बॅटरी यांची वॉरंटी त्यांच्या त्यांच्या उत्पादकाची. ब्रेक पॅड, वायपर, क्लच यांसारख्या झिजणाऱ्या वस्तू झिजल्या म्हणून कोणी बदलून देत नाही.

‘वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी होईल ते’ हे वाक्य सगळीकडे असतं आणि सगळे त्यातली वर्षंच वाचतात. समजा, ३ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटर आहे. वर्षाला ४०,००० किलोमीटर धावणाऱ्याची वॉरंटी अडीच वर्षांत संपली. वर्षाला ८,००० धावणाऱ्याला तीन वर्षांनी वॉरंटी संपताना ७६,००० किलोमीटर न वापरताच सोडून द्यावे लागतात. त्याने वाढीव वॉरंटी घेतली तर ती वर्षं वाढवणारी घ्यावी, किलोमीटर नव्हे.

आता मिनिव्हॅनपुरतं. साध्या मोटारीपेक्षा या गाडीत वेगळं काय असतं? विजेवर सरकणारी दारं, त्यांचे केबल, रूळ आणि चाकं. मागच्या रांगांसाठी वेगळा एसी, त्याचा ब्लोअर आणि गाडीच्या पोटाखालून मागे जाणारे पाइप. दुमडणाऱ्या सीटांची यंत्रणा. बटणावर उघडणारं मागचं झाकण. यातली एकही गोष्ट इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीत येत नाही. म्हणजे ज्यासाठी आपण ही गाडी घेतो, त्याचंच संरक्षण सगळ्यात आधी संपतं. ‘इंजिनाला इतकी वर्षं’ हा मोठ्या अक्षरातला आकडा वाचून भुलू नका.

आमचं उजवं दार एकदा अर्ध्यावर येऊन थांबलं. बटण दाबलं की टुक असा आवाज व्हायचा आणि दार तिथेच. वाढीव वॉरंटी होती, म्हणून मी निर्धास्त गेलो. सर्व्हिस अॅडव्हायजरने कराराची प्रत माझ्याकडे फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दाराची मोटर यादीत होती. मोटरकडे जाणारी वायर नव्हती, आणि तुटली होती ती वायर. दार उघडताना आणि बंद होताना ती दर वेळी दुमडते, हे त्यानेच मला खाली वाकून दाखवलं. रबरी नळीच्या आत दोन तारा उघड्या पडल्या होत्या.

तेव्हापासून वाढीव वॉरंटीचा करार हातात आला की आधी एक गोष्ट बघतो. यादी कसली आहे? ‘खालील भाग समाविष्ट’ अशी असेल तर यादीत नसलेलं सगळं आपल्या खिशातून. ‘खालील भाग वगळून सर्व काही’ अशी असेल तर ती बरी. मग प्रश्न विचारायचे, आणि उत्तरं ई-मेलवर मागवायची: सरकत्या दाराचं वायरिंग धरलंय का? मागच्या एसीचे पाइप? दोष शोधण्याची मजुरी कोण देणार? प्रत्येक दाव्यामागे मला किती भरायचं? दाव्याच्या रकमेला वरची मर्यादा आहे का? ‘पाच वर्षं’ म्हणजे मूळ तीन धरून पाच, की तीन संपल्यावर आणखी पाच? गाडी विकली तर नव्या मालकाच्या नावावर होते का, आणि करार मधेच रद्द केला तर उरलेल्या काळाचे पैसे परत मिळतात का?

त्याहून मोठा प्रश्न, हा करार देतंय कोण? गाडीच्या कंपनीचा स्वतःचा असेल तर कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरवर चालतो. दुसऱ्याच कुठल्या संस्थेचा असेल तर दुरुस्तीआधी त्यांची मंजुरी, त्यांचा तपासनीस, त्यांची वाट पाहणं, हे सगळं आलं, आणि ती संस्था तोपर्यंत टिकली पाहिजे हेही आलं. मी दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला जात नाही.

घासाघीस इथेही होते. मूळ वॉरंटी कंपनी ठरवते, तिच्यात विक्रेता काही वाढवू शकत नाही. वाढीव वॉरंटीवर मात्र त्याला नफा असतो, म्हणून तोच करार दुसऱ्या विक्रेत्याकडे कितीला मिळतो ते विचारून या. शिवाय तो पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो असंही बहुतेक ठिकाणी नसतं. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत घेता येतो, फक्त उशिरा घेतला तर दर चढतो. शेवटची तारीख विचारून कॅलेंडरवर लिहा. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने यात पडू नये. आठ-दहा वर्षं ठेवणार असाल, दारं विजेची असतील आणि करार कंपनीचा ‘वगळून सर्व’ प्रकारचा असेल, तर मी घेईन.

एक सूचना गाडी घेतल्यानंतरची. बाहेरून वायर कापून हॉर्न, स्क्रीन किंवा दिवे बसवू नका. विजेच्या कुठल्याही दाव्यात सगळ्यात आधी तेच दाखवलं जातं. सर्व्हिस वेळेवर आणि प्रत्येक बिल एका फायलीत. वॉरंटी नुकती संपलेली असताना मोठा दोष निघाला, तर कंपनी कधीकधी खर्चातला वाटा उचलते, पण तेव्हा फाईल बघितली जाते.

ताबा घेताना

शेवटची रक्कम गाडी बघितल्यावर भरायची, आधी नाही. दिवसाउजेडी जा. चासी क्रमांकाचे सतराही अक्षर-आकडे कागदाशी ताडून बघा. दोन्ही सरकती दारं दहा-दहा वेळा उघडा-मिटा. एकदा बटणाने, एकदा हाताने, एकदा बंद होताना मधे उशी धरून, म्हणजे अडथळा आला की ते मागे फिरतं का ते कळेल. तिसऱ्या रांगेत बसून एसी लावायला सांगा. प्रत्येक पट्टा ओढा, प्रत्येक सीट पाडा आणि उचला. द्यायचं राहिलेलं काही असेल तर ते तारीख घालून, सही-शिक्क्यासह लिहून घ्या. आणि वॉरंटीच्या पुस्तिकेचं पहिलं पान उघडा. सुरुवातीची तारीख आजची आहे का, की गाडी डेमोसाठी वापरली तेव्हाची? जुनी तारीख असेल तर किल्ली टेबलावरच ठेवा आणि मॅनेजरना बाहेर बोलवा.